आखाजीच्या आधीचा तास

सकाळची शाळा, तरी दहालाच पत्रे तापलेले.
आठवी ब. पंखा फिरतो,
वारा स्वतःपुरताच ठेवतो.
पुस्तकानं ग्रीकांना दीड पान दिलंय,
त्यात दोन खांब, एक रथ, आणि वाक्य :
‘तेथील लोक अनेक देवांना मानत.’

पुस्तक मिटलं मी.
म्हटलं, एक आई होती, डिमीटर तिचं नाव,
साऱ्या मुलखाचा जोंधळा तिच्या हातात.
‘तथा जोंधळा व्हता का, सर?’
नव्हता रे. गहू, जव.
पण मला सांगताना जोंधळाच दिसतो.

तिची लेक पर्सेफनी फुलं खुडत होती
आणि जमीन फाटली.
जमीन कशी फाटते हे या वर्गाला सांगावं लागत नाही,
बोरीकाठच्या काळ्या रानात चैत्रात
कोपरापर्यंत हात जातो.
भेगेतून रथ आला, काळे घोडे,
पाताळाचा राजा, आणि लेक गेली.

मागच्या बाकावरून सुपडू :
‘लगन लागनं का नही मंग?’
लागलं असावं.
अक्षता कुणी टाकल्या ते कथेत नाही.

आई नऊ दिवस मशाल घेऊन हिंडली.
अन्न नाही, आंघोळ नाही.
बी मातीतच बसून राहिलं.
माणसं मेली तर नैवेद्य कोण दाखवणार
या धास्तीनं देवांनी मध्यस्थ धाडला.
पण लेकीनं तिथं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते.
खाल्लं की झालीस तिथली.
कुणी सहा दाणे सांगतं, कुणी चार, कुणी एकच.
‘खरे किती, सर?’
सांगणाऱ्याच्या मुठीत मावतील तेवढे.
तिथंही कानबाईच्या रात्रीसारखंच असणार,
म्हणणारा अडखळला
की झेलणारे सावरून घेतात
आणि अडखळलेलंच पुढच्या वर्षी
कथेत बसतं.

मग वर्षाचे वाटे झाले. काही महिने तिकडे,
काही आईकडे. ती आली की रान हिरवं.

कोकिळा शिरसाठ उभी राहिली.
तास संपेपर्यंत कधी न बोलणारी.
‘आमनी गौराई तं भर उन्हायामा येस, सर.’

खडू हातात होता. फळ्यावर काही लिहिलं नाही.
खरंच. आमची लेक येते तेव्हा
बोरीत वाळू, विहिरीत दोर जास्त पाणी कमी,
निंबाला झोका, आणि झोक्याखाली
सावलीसुद्धा पिवळी.
हिरवं होतं ते ती गेल्यावर.
त्याचा अर्थ काय लावायचा,
ग्रीकांनी सांगून ठेवलेलं नाही.

कोकिळाची बहीण उधन्याला दिली आहे.
साड्यांना लाल टिकल्या चिकटवते, नगावर पैसे.
हे मला हजेरीपटावरून नाही,
बाजारात तिच्या आईकडून कळलं,
खरबूज हातात घेऊन परत ठेवताना.
सुरत पॅसेंजर रोज येते.
गाडीचा प्रश्न नाही, म्हणाली.

आखाजीच्या आदल्या रात्री पेपर तपासत बसलो.
कोपऱ्यात बापाच्या नावाची कोरी घागर,
तोंडावर आंबा, अंगाला घाम.
ग्रीकांची पितरं खड्डाभर रक्त प्यायली
की बोलू लागत, अशी त्यांची दुसरी एक गोष्ट.
आमची पाणी पितात
आणि बोलत नाहीत.

प्रश्न चौथा. ग्रीक लोकांच्या जीवनात
कथांचे स्थान स्पष्ट करा. गुण दोन.
सगळ्यांनी दीड पानातलंच उतरवलेलं,
देव, सण, नाटक, मंदिर.
सुपडूनं रथ काढलाय, चाकं तीन.
कोकिळाचं एकच ओळ :
‘त्या आईला मुलगी केव्हा येणार ते माहीत होतं,
म्हणून तिची गोष्ट झाली.’

दीड दिला.
मग अर्धा कशाचा कापला ते
मलाच सांगता येईना.
घागर पाझरत होती. खालचा गहू ओला झाला होता,
सकाळपर्यंत फुगेल.
लाल पेन शोधलं. दोन केले.